पोटरीतला गोळा आणि उशाशी ठेवलेला पंचा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या आठवड्यातील आरोग्यविषयक पानावर, रात्री पायात येणाऱ्या गोळ्यांवरच्या घरगुती उपायांची एक चौकट वाचली. तेलाने चोळावे, केळे खावे, हळद घातलेले दूध प्यावे, मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसावे, असे नऊ-दहा उपाय तिच्यात दिलेले होते. त्यांपैकी काही मी स्वतः करते आणि त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ज्या उपायाने आलेला गोळा खरोखर सुटतो, तो त्या चौकटीत कुठेच नव्हता, आणि मध्यरात्री गोळा आल्यावर वयस्कर माणसाने काय करू नये, याविषयीही तिच्यात एक शब्द नव्हता. ही उणीव मला फार लागली आणि म्हणूनच हे जरा लांबलेले पत्र लिहीत आहे.

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे विज्ञान शिकवले. दिवसाचे पाच-सहा तास फळ्यापुढे उभे राहण्यात गेले आणि चाळिशी उलटल्यापासून आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी पहाटेच्या सुमारास हा त्रास मला होऊ लागला. ज्यांना तो होतो त्यांना वर्णनाची गरज नाही, पण ज्यांना होत नाही त्यांच्यासाठी सांगते. डोळा उघडण्याआधीच पोटरीत आतून कोणीतरी पीळ भरत आहे असे वाटते, हात लावावा तर पोटरी सुपारीसारखी टणक लागते, पायाची बोटे आपोआप खाली वळलेली असतात आणि कळ अशी असते की श्वास घ्यायलाही भीती वाटावी. कधी हे अर्ध्या मिनिटात ओसरते, कधी पाच-सात मिनिटे चालते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोटरी कोणी मुठीने कुटल्यासारखी ठणकत राहते. कोणी याला पेटका म्हणतात, कोणी गोळा म्हणतात. आमच्या सासूबाई ‘वांब आला’ असे म्हणत.

सासूबाईंचे नाव काढले, तर त्यांचीच हकिकत आधी सांगायला हवी. नऊ वर्षांपूर्वी पौषातल्या एका रात्री त्यांना असाच वांब आला. तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. कळ असह्य झाली की माणूस ताडकन उठून उभा राहतो आणि त्याही तशाच उठल्या. पोटरी आखडलेली असल्यामुळे पायाने भार पेलला नाही, खोलीत अंधार होता, धरायला काही नव्हते, आणि त्या खाट व कपाटाच्या मधल्या जागेत आडव्या पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, त्या चालूही लागल्या, पण वॉकर धरून, घरातल्या घरात. अंगणातल्या तुळशीला पाणी घालायला त्या त्यानंतर स्वतःच्या पायांनी कधी गेल्या नाहीत. मला आजही बोचते ते हे की, उपाय म्हणून आम्ही सगळे करत होतो. रोज रात्री तिळाचे कोमट तेल लावले जात होते, पायाला काळा दोरा बांधला होता, दुधात हळद जात होती. मात्र ‘गोळा आला तर अंथरुणातून उठू नका, बसल्या जागी असे असे करा’ हे एक वाक्य त्यांना सांगण्याची बुद्धी आमच्यापैकी कोणाला झाली नाही, कारण ते आम्हांलाच ठाऊक नव्हते. मी तर शरीरशास्त्राचा धडा दरवर्षी वर्गात शिकवत होते.

आता गोळा येतो म्हणजे नेमके काय होते, ते थोडक्यात सांगते. झोपेत आपली पावले खाली झुकलेली असतात. जड गोधडी किंवा घट्ट खोचलेले पांघरूण वरून असेल तर ती अधिकच खाली दाबली जातात. अशा स्थितीत पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो. त्यात स्नायूला हुकूम देणारा चेतातंतू एकाएकी भराभर संदेश सोडू लागला की आखूड झालेला स्नायू आणखी आवळतो आणि सैल होण्याचे विसरतो. हे चेतातंतू रात्रीच का उत्तेजित होतात, याचे एकच एक कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेले नाही. दिवसभर उभे राहणे, वय वाढेल तसे स्नायू व कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आखडणे, गरोदरपण, काही औषधे आणि काही आजार यांच्याशी त्याचे नाते मात्र स्पष्ट आहे. चरकसंहितेत वाताचे जे ८० विकार सांगितले आहेत त्यांत ‘पिंडिकोद्वेष्टन’ म्हणजे पोटऱ्या पिळवटणे हा एक आहे, म्हणजे हे दुखणे आपल्याकडे किती जुने आहे ते लक्षात यावे.

स्नायू आखूड होऊन अडकला आहे, एवढे ध्यानात घेतले की उपाय आपोआप कळतो, तो म्हणजे स्नायू लांब करणे. पोटरीचा स्नायू टाचेपासून वर गुडघ्याच्या लवणीपलीकडे जातो, म्हणून गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीच्या दिशेने वर ओढले की तो पूर्ण ताणला जातो. ताण बसला की कंडरेतील संवेदक मज्जारज्जूला तशी खबर देतात आणि तिथून आवळण्याचा हुकूम मागे घेतला जातो. इतर उपायांनी हे साधत नाही, कारण पोटात गेलेले केळे पोटरीपर्यंत पोचण्याच्या आत गोळा आपणहून सुटलेला असतो.

फिजिओथेरपिस्ट असलेल्या माझ्या भाचीने सासूबाईंच्या आजारपणात मला जे दाखवले, ते असे. उशाशी एक पंचा ठेवायचा. पंचा नसेल तर जुनी ओढणी किंवा सुती साडीची लांब पट्टी चालते, मात्र ती हात घातला की सापडेल अशा जागी आणि रोज त्याच जागी हवी. गोळा आला की उठायचे नाही. अंथरुणातच पाय सरळ करायचा, बसता येत असेल तर बसायचे, नसेल तर आडवे राहूनच पंच्याचा मधला भाग पायाच्या चवड्याभोवती, म्हणजे बोटांच्या मुळाशी जो फुगीर भाग असतो तिथे, अडकवायचा आणि दोन्ही टोके दोन हातांत धरून सावकाश आपल्याकडे ओढायची. हिसका द्यायचा नाही, कारण आवळलेल्या स्नायूला झटका बसला तर त्याचे तंतू दुखावतात. बोटे नाकाकडे वळेपर्यंत ओढायचे आणि तिथे तीसपर्यंत आकडे मोजत धरून ठेवायचे. पहिल्या दहा आकड्यांत कळ वाढल्यासारखी वाटते आणि बहुतेक लोक नेमके तिथेच घाबरून सोडून देतात. न सोडता धरून राहिले, तर पंधरा-वीसच्या आसपास आतला पीळ उकलू लागल्याचे स्पष्ट जाणवते. कळ ओसरल्यावर एका हाताने पोटरी खालून वर हलके चोळावी आणि मग थोडा वेळ शेकावी. हाताशी पंचा नसेल तर पायाच्या स्वतःच्या ताकदीने बोटे नडगीकडे खेचावीत. नडगीकडचा स्नायू कामाला लागला की पोटरीच्या स्नायूला सैल व्हावेच लागते, हे त्या जोडीचे अंगभूत वागणे आहे.

ज्यांचा तोल चांगला आहे, त्यांनी उभे राहून टाच जमिनीवर दाबली तरी हाच परिणाम मिळतो. पण साठी ओलांडलेल्यांनी, रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आणि एकटे झोपणाऱ्यांनी आधी दिवा लावावा, मग खाटेचा काठ घट्ट धरावा आणि त्यानंतरच पाऊल खाली टेकावे. आमच्या घरात प्रत्येक खाटेपाशी आता हात पोचेल असे दिव्याचे बटण आहे. हे आम्ही सासूबाई पडल्यानंतर केले, आधी करायला हवे होते.

गोळा येऊच नये म्हणून काय करावे, याबाबतही ताण देण्याचाच व्यायाम सर्वांत भरवशाचा ठरावा असे माझे मत आहे. नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरील ८० लोकांवर सहा आठवड्यांचा एक प्रयोग झाला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या लोकांनी रोज झोपण्यापूर्वी पोटऱ्या व मांड्यांच्या मागचे स्नायू ताणले, बाकीच्यांनी काही केले नाही. ताण देणाऱ्यांमध्ये गोळे येण्याचे प्रमाण दर रात्रीमागे सरासरी एकाहून थोडे अधिक घटले आणि कळांची तीव्रताही कमी झाली. सगळेच प्रयोग असे अनुकूल निघाले नाहीत हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. इंग्लंडमधील त्याआधीच्या एका प्रयोगात अशा व्यायामाने फरक दिसला नव्हता. परंतु ज्याला पैसा लागत नाही, ज्याने अपाय होत नाही आणि जो पाच मिनिटांत उरकतो, तो उपाय महिनाभर करून पाहायला काय हरकत आहे?

पद्धत सोपी आहे. भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर उभे राहावे, दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला टेकवावेत, टाचा जमिनीला पूर्ण चिकटलेल्या आणि गुडघे सरळ ठेवून अंग भिंतीकडे झुकवावे. पोटरीत ओढ जाणवली की तिथे थांबावे, वीस-तीस आकडे मोजावेत, मागे यावे आणि असे तीन-चार वेळा करावे. त्यानंतर गुडघे किंचित वाकवून हेच पुन्हा करावे, म्हणजे पोटरीच्या आतला, खोलवरचा स्नायूही ताणला जातो. टाच उचलली गेली तर सगळा व्यायाम फुकट जातो, म्हणून लक्ष टाचेवर ठेवावे. ज्यांना उभे राहणे जमत नाही, त्यांनी खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर सरळ ठेवावा आणि वर सांगितलेला पंचाच वापरावा. मी गेली आठ वर्षे रात्री गॅस बंद केल्यावर स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून हे करते. पूर्वी आठवड्यातून दोन-तीनदा येणारा गोळा आता महिन्यातून एखाद्या वेळी येतो, आणि तोही बहुधा लग्नकार्यात दिवसभर उभे राहिल्यावर किंवा व्यायाम चुकल्यावर.

येथे मला एक गोष्ट राहून राहून वाटते. आमच्या आईच्या पिढीतील बायका चूल, विळी, जाते, भांडी घासणे, सगळे उकिडवे बसून करत. टाचा जमिनीला टेकवून उकिडवे बसणे म्हणजे पोटरीला दिवसातून पंधरा-वीस वेळा मिळणारा ताणच होता. आता ओटा आला, खुर्ची आली, कमोड आला, आणि पोटरीला पूर्ण लांब होण्याची संधी उरली नाही. हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेले सत्य नव्हे, आणि गुडघे झिजलेल्यांनी तो वाचून उद्यापासून उकिडवे बसू लागावे असेही मी सुचवत नाही. भिंतीपाशी उभे राहून तो हरवलेला ताण भरून काढता येतो, एवढेच माझे सांगणे आहे.

तेलाविषयी माझ्या मनात आदर आहे. आमच्याकडे अजूनही शनिवारी रात्री काशाची वाटी निघते. तळपायाला तुपाचे किंवा तिळाच्या तेलाचे बोट लावायचे आणि वाटीच्या बुडाने टाचेपासून बोटांपर्यंत गोल गोल घासत जायचे. थोड्याच वेळात तूप काळपट होते, पाय ऊबदार होतात आणि डोळे जड होऊ लागतात. तूप काळे झाले म्हणजे अंगातली उष्णता निघाली असे म्हणतात, ते मला विज्ञानाची शिक्षिका म्हणून मान्य नाही. काळेपणा काशातील तांब्यामुळे येतो. पण दिवसभर ताठलेले पाय त्याने सैलावतात, झोप शांत लागते, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी कोणीतरी अर्धा तास बसते, या गोष्टी माझ्या दृष्टीने मोठ्या आहेत. तेल कोणते असावे यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. तीळ, खोबरे, मोहरी यांतले जे घरात असेल ते कोमट करून वापरावे, काम हात आणि ऊब करतात. मधुमेह असलेल्यांच्या पायांची जाणीव मंदावलेली असू शकते, त्यामुळे त्यांनी गरम पाण्याची पिशवी किंवा गरम पाण्याची बादली वापरताना दुसऱ्या कोणाकडून हात घालून पाणी तपासून घ्यावे. भाजल्याचे त्यांना कळत नाही आणि ती जखम महिनोन्महिने चिघळते.

मीठ आणि पाणी यांविषयी मात्र बराच गोंधळ आहे. पूर्वी पटकीच्या साथीत रोग्यांच्या हातापायांना वांब येत, ते शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने निघून गेल्यामुळे. वैशाखाच्या उन्हात ऊस तोडणारे, भट्टीवर काम करणारे, किंवा आळंदीहून पंढरपूरपर्यंतची अडीचशे किलोमीटरची वाट चालणारे वारकरी यांच्या पोटऱ्यांत जे गोळे येतात, त्यांतही घाम आणि थकवा यांचा वाटा असतो. वारीच्या मुक्कामांवर सेवेकरी वारकऱ्यांचे पाय चेपताना दिसतात, त्याच्या जोडीला मीठ-साखरेचे पाणी किंवा जलसंजीवनी दिली तर उपयोग होतो. परंतु घरी पंख्याखाली झोपलेल्या सत्तरीच्या माणसाला येणारा गोळा बहुतेक वेळा क्षार कमी पडल्यामुळे आलेला नसतो. अशा माणसाने रक्तदाब असताना मिठाचे पाणी पिणे, किंवा मूत्रपिंडाचा विकार असताना पोटॅशियमसाठी रोज शहाळे आणि केळी खाणे, हे धोक्याचे आहे. मूत्रपिंड दुबळे असेल तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. आपल्या चौकटीत ‘रोज दोन केळी’ असे सरसकट लिहिले होते, तिथे निदान एवढी सूचना हवी होती. निरोगी माणसाने केळे जरूर खावे, दिवसभरात पुरेसे पाणी प्यावे, त्यात चांगलेच आहे.

मॅग्नेशियमच्या गोळ्यांचाही हल्ली फार बोलबाला आहे. २०१७ मध्ये इस्रायलमधील ९४ प्रौढांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना चार आठवडे मॅग्नेशियम दिले आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. दोन्ही गटांतील गोळे आठवड्याला सुमारे तीनने कमी झाले. म्हणजे मॅग्नेशियममुळे अधिक काही झाले नाही, आणि नुसत्या विश्वासाने व काळ गेल्यानेही एवढा फरक पडू शकतो. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘मला अमुक एका उपायाने गुण आला’ असे जेव्हा आपण मनापासून सांगतो, तेव्हा ते खोटे नसते, पण गुण त्याच उपायाचा असतो असेही नाही. गोळे काही आठवडे येतात, मग आपणहून थांबतात, आणि त्या वेळी जे चालू असेल त्याला श्रेय मिळते. गादीखाली साबणाची वडी ठेवण्याचा जो सल्ला मोबाइलवरून फिरतो, त्याचेही मूळ यातच असावे.

लोणच्याच्या खाराविषयी मात्र एक कुतूहलाची गोष्ट आहे. अमेरिकेत २०१० मध्ये काकडीच्या लोणच्याच्या पाण्यावर एक प्रयोग झाला. विजेच्या साहाय्याने मुद्दाम आणलेला पेटका ते पाणी प्यायल्यावर साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटला, आणि तोही रक्तातील क्षारांत काही बदल होण्याच्या आत. तोंडाला व घशाला बसलेल्या आंबट-खारट झणक्यामुळे चेतांचे उत्तेजन शमत असावे, असा अंदाज त्यावरून बांधला गेला. आमच्या गावाकडे वांब आला की चिमूटभर मीठ जिभेवर ठेवत, त्याची मला तेव्हा आठवण झाली. तरुण, निरोगी लोकांवरच्या त्या छोट्या प्रयोगावरून रक्तदाबाच्या रुग्णांनी मध्यरात्री खार पिऊ नये, हे सांगायला नकोच.

चीनमध्ये ज्येष्ठांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात के-२ जीवनसत्त्वाने गोळे कमी झाल्याचे आढळले, ही आशेची बातमी आहे. पण रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखे औषध घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. याहून अधिक सावध राहावे ते क्विनाइनपासून. सिंकोनाच्या सालीतले हे हिवतापाचे औषध पूर्वी पेटक्यांसाठी सर्रास दिले जाई. त्याने गोळे थोडे कमी होतातही, पण क्वचित रक्तातील बिंबिका (प्लेटलेट्स) धोकादायकरीत्या घटतात आणि हृदयाची लय बिघडते, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पेटक्यांसाठी त्याची चिठ्ठीविना विक्री १९९४ मध्येच थांबवली. कोणाच्या घरात जुनी गोळी शिल्लक असेल तर ती कोणी सुचवली म्हणून घेऊ नये.

ज्यांना हा त्रास नव्याने सुरू झाला आहे, त्यांनी आपल्या औषधांच्या डब्यावर एक नजर टाकावी असे मला वाटते. रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी औषधे आणि दम्यासाठी ओढायची काही दीर्घकाळ परिणाम करणारी औषधे यांचा पायात येणाऱ्या गोळ्यांशी संबंध आढळला आहे. ती मनाने बंद करू नयेत. ‘हे सुरू झाल्यापासून पायात गोळे येतात’ एवढे डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ते बदल सुचवू शकतात. मधुमेह, थायरॉइड, यकृताचे विकार, मणक्यातील जागा अरुंद होणे, यांतही गोळे वारंवार येतात, आणि डायलिसिसवर असलेल्यांना तर ते ठरलेलेच असतात. गरोदर स्त्रियांना शेवटच्या महिन्यांत हा त्रास फार होतो. त्यांच्यासाठीही पंच्याने ताण देण्याचा उपाय निर्धोक आहे, पण कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे गोळ्या त्यांच्या डॉक्टरांनी ठरवाव्यात.

आणखी एक गोष्ट मी हात जोडून सांगू इच्छिते. पोटरीचे प्रत्येक दुखणे म्हणजे गोळा नव्हे. आमच्या गल्लीतील एक गृहस्थ लांबच्या प्रवासाहून आले आणि त्यांची एक पोटरी दुखू लागली. गोळाच आहे असे समजून घरच्यांनी चार दिवस ती तेलाने रगडली. पोटरी सुजली होती, दुसऱ्या पायापेक्षा ऊबदार लागत होती आणि कळ येऊन जाण्याऐवजी ठणका सतत चालू होता, पण याकडे कोणी लक्ष दिले नाही. पाचव्या दिवशी डॉपलर तपासणीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. ते वाचले, याला नशीबच म्हणायचे. गोळा हा येतो, कळ देतो आणि जातो. एकाच पायाला सूज, लाली, उष्णता आणि न थांबणारे दुखणे असेल, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तसेच चालताना पोटरी भरून येते आणि थांबले की पाच मिनिटांत बरे वाटते, असे होत असेल तर पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याची शक्यता असते. तंबाखू, मशेरी, विडी यांची सवय असलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आणि ज्यांना रात्री पाय टणक होत नाहीत, पण आत मुंग्या चालल्यासारखे वाटून ते सतत हलवावेसे वाटतात, त्यांनी रक्तातील लोहाची तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे बायकांत लोहाची कमतरता सर्रास असते आणि या अस्वस्थपणाचे ते एक नेहमीचे कारण आहे.

संपादक महोदय, आपले वृत्तपत्र गावोगावच्या वाचनालयांत, पारावर, दवाखान्याच्या बाकावर वाचले जाते. मोबाइलवर आलेला मजकूर माणूस विसरतो, पण तुमच्या पानावरचे कात्रण आमच्यासारख्या घरांत कपाटाच्या दाराला आतून वर्षानुवर्षे चिकटवलेले असते. माझी विनंती एवढीच आहे की, पुढच्या एखाद्या अंकात ही चौकट पुन्हा द्यावी. तिच्यात सर्वांत वर ‘गोळा आल्यावर अंथरुणातून उठू नये’ हे वाक्य असावे, त्याखाली पंच्याने पाय ओढणाऱ्या माणसाचे साधे रेखाचित्र असावे, भिंतीपाशी करायचा व्यायाम असावा, आणि पोटरी कधी चोळू नये ते लिहिलेले असावे. केळे, दूध आणि तेल खुशाल त्याच्याखाली असू द्यावे. अक्षर मात्र मोठे घ्यावे, कारण ज्यांना ते वाचायचे आहे त्यांचे चष्मे जाड आहेत. चित्र काढण्यासाठी कोणाला पंचा धरून बसायला हवे असेल, तर मी कार्यालयात येऊन बसेन.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा